दुनळीचा कर्ता कोण?

आमच्या महाविद्यालयातले माझे एक सहकारी मूळचे कोकणातले. त्यांच्या गावच्या घरी एक जुनी दुनळी बंदूक आहे. आजोबांपासून चालत आलेली. परवाना आता सहकाऱ्यांच्या नावावर आहे, शेतीसंरक्षणासाठी. खंडेनवमीला ती कपाटातून बाहेर निघते, कोयता-कुऱ्हाडीच्या शेजारी पाटावर बसते, गंधफूल घेते आणि पुन्हा वर्षभर कपाटात जाते.

दोन नळ्यांना जोडणारी जी लांब पट्टी वरच्या बाजूला असते, तिच्यावर इंग्रजी अक्षरांत कोरले आहे : ‘मँटन अँड कंपनी, कलकत्ता’. घरातली समजूत अशी, की लंडनचा विख्यात बंदूककार जोसेफ मँटन याने ती स्वतःच्या हाताने घडवली. कलकत्त्याचा उल्लेख का, असे कोणी विचारले तर ‘तिथून आणली’ एवढे उत्तर मिळे आणि विषय संपे.

पण एका पावसाळ्याच्या अखेरीस रानडुकरांनी भाताची नासाडी केली, तेव्हा त्यांना पिटाळायला एखादा बार काढावा असे सहकाऱ्यांनी मनात आणले. परवान्यावर काडतुसांची एक पेटीही आणली. मग मात्र त्यांना शंका आली आणि ते माझ्याकडे आले. “अहो, तुम्ही पदार्थविज्ञानवाले. ही बंदूक खरेच मँटनची आहे का? आणि तिच्यातून ही आजची काडतुसे उडवली तर चालेल का?”

पहिला प्रश्न इतिहासाचा आणि दुसरा पदार्थविज्ञानाचा, असे मला तेव्हा वाटले होते. प्रत्यक्षात दोन्हींची उत्तरे बंदुकीच्या एकाच भागावर कोरलेली निघाली, आणि तो भाग वरून दिसत नाही.

जिल्ह्याच्या गावी बंदूकदुरुस्तीचा परवाना असलेले एक वयस्कर मिस्त्री आहेत. सहकारी बंदूक घेऊन त्यांच्याकडे गेले. मी आणि माझे बहिर्गोल भिंग सोबत. हे मुद्दाम सांगतो, कारण असली वस्तू घरात असली तरी परवानाधारकाशिवाय कोणी तिला हात लावायचा नसतो आणि ती उघडायची ती जाणत्या माणसानेच. मिस्त्रींनी पहिल्याने बंदूक मोडली, म्हणजे नळ्या बिजागरीवर खाली पाडून मागची तोंडे उघडी केली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहिले, बोटाने चाचपले आणि मगच आमच्याशी बोलायला लागले.

आता जोसेफ मँटनचे पाहू. हा गृहस्थ १७६६ साली जन्मला. लंडनमध्ये त्याने दुनळी बंदुकीला जे रूप दिले, तेच थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. जेम्स पर्डी, चार्ल्स लँकेस्टर अशी पुढे गाजलेली माणसे त्याच्याकडे काम करून गेली. नाव इतके मोठे, पण दैव असे की १८२६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि १८३५ मध्ये तो वारला. १८३५ हे साल लक्षात ठेवा.

मँटनच्या हयातीतल्या बहुतेक सर्व बंदुका ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. आमच्या समोरची बंदूक मागून उघडत होती. तिच्यात पितळी बुडाचे काडतूस बसते, आणि बुडाच्या मध्यावरच्या टोपीवर टाचणीसारखा खिळा आपटून ते उडते. असले मध्य-टोपीचे काडतूस इंग्लंडमध्ये जॉर्ज डॉ याने १८६१ मध्ये बाजारात आणले. म्हणजे मँटनला जाऊन २६ वर्षे झाल्यावर! ठासणीची जुनी बंदूक कापून मागून भरायची करून घेण्याचा प्रकार त्या काळी होता खरा. पण आमच्या बंदुकीला बाहेर घोडेच नव्हते. घोडा म्हणजे चाप ओढताच टोपीवर आपटणारी हातोडी. ती हिच्यात ॲक्शनच्या, म्हणजे मागच्या लोखंडी ठोकळ्याच्या पोटात दडलेली होती. तिच्याकडे पुढे येऊच. जोसेफ मँटन एवढ्यानेच बाद झाला.

सहकाऱ्यांचा चेहरा जरा उतरला. “मग हे नाव खोटे?”

नाव खोटे नव्हते, पण त्यांनी त्याचा अर्थ चुकीचा घेतला होता. मँटन घराण्यातल्या माणसांनी १८२५ च्या सुमारास कलकत्त्यात दुकान काढले. पुढे ते इतरांच्या हाती गेले, पण नावाला वजन असल्यामुळे नाव तसेच चालू राहिले. साहेब लोक, संस्थानिक, जमीनदार, जंगलखात्याचे अधिकारी तिथून बंदुका घेत. तेव्हा पट्टीवरचे नाव विकणाऱ्याचे. आपल्या मुंबईत काळा घोडा भागात ‘आर्मी अँड नेव्ही’ या इंग्रजी भांडाराची इमारत अजून उभी आहे. त्या भांडाराच्या नावाच्याही बंदुका निघत, आणि भांडाराचा स्वतःचा बंदुकीचा कारखाना नव्हता. तयार कपड्यावर दुकानाची चिठ्ठी शिवलेली असते म्हणून दुकानदाराने तो शिवला असे आपण म्हणत नाही, तसेच हे.

अर्थात नाव निरुपयोगी नसते. कधी कधी तेच काम करून टाकते. लंडनच्या हॉलंड या पेढीचे उदाहरण घ्या. हॅरिस हॉलंड १८६६ मध्ये ९८, न्यू बाँड स्ट्रीट या जागी आला. पुतण्याला भागीदार केल्यावर १८७६ पासून पेढीचे नाव ‘हॉलंड अँड हॉलंड’ झाले. तेव्हा एखाद्या बंदुकीवर नुसते ‘एच. हॉलंड’ आणि पत्ता ‘९८, न्यू बाँड स्ट्रीट’ असेल, तर ती १८६६ ते १८७६ या दहा वर्षांतली. शिवाय अशा पेढ्यांची दप्तरे टिकली असतील तर बंदुकीवरच्या क्रमांकावरून गिऱ्हाइकाचे नावसुद्धा निघते. मात्र मोठ्या नावाला नकलाही फार. वेस्टली रिचर्ड्स ही बर्मिंगहॅमची नामांकित पेढी, म्हणून बेल्जियममधून नुसते ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ कोरलेल्या स्वस्त बंदुका येत. घाईत वाचणाऱ्याचा गैरसमज झाला तर तो विकणाऱ्याच्या पथ्यावर! मँटनच्या नावाचेही असेच धिंडवडे निघाले. वरचे नाव हे एक विधान आहे, आणि विधान पडताळून पाहायचे असते.

नळ्यांच्या पोटाखाली

मिस्त्रींनी नळ्यांखालचा लाकडी हात काढला, नळ्या बिजागरीतून उचलून वेगळ्या केल्या आणि पालथ्या घातल्या. नळ्यांच्या मागच्या टोकाखाली साधारण दोन बोटे रुंदीचा सपाट भाग असतो. बंदूक जोडलेली असताना तो ॲक्शनवर टेकून झाकला जातो. तिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही, म्हणून तिथे नक्षी नसते. आणि जे असते ते दुकानदाराने कोरलेले नसून सरकारमान्य अधिकाऱ्याने पोलादी ठशाने ठोकलेले असते.

हे ठसे कसले? इंग्लंडमध्ये नळी विकण्यापूर्वी तिची कसोटी घेणे कायद्याने सक्तीचे आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये राजाची सनद मिळाली आणि तिथे कसोटीगृह चालू झाले. बर्मिंगहॅमचे कसोटीगृह पार्लमेंटच्या १८१३ च्या कायद्याने निघाले. दोन्ही आजही काम करतात. नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरून नळी बंद जागेत उडवायची. फुटली तर तिथेच फुटली, कोणाच्या हातात नाही. टिकली तर एक ठसा. मग पाहणारा अधिकारी नळी डोळ्याला लावून तिच्यातून उजेडाकडे पाहतो. आतला पृष्ठभाग आरशासारखा घासलेला असतो, त्यामुळे समोरच्या एखाद्या सरळ काठाची सावली नळीत रेषेसारखी पडते. कसोटीने नळी कुठे किंचित फुगली किंवा वाकली असेल तर ती रेषा तिथे मोडते. वक्र आरशात आपले तोंड वाकडे दिसते, त्याच नियमाने! या तपासणीतून पार पडली की दुसरा ठसा, ‘व्ही’ अक्षराचा, म्हणजे ‘पाहिली’.

लंडनचे ठसे आणि बर्मिंगहॅमचे ठसे वेगळे. लंडनचा म्हणजे मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेली ‘जी’ आणि ‘पी’ ही अक्षरे. बर्मिंगहॅमचा १८१३ ते १९०४ पर्यंतचा म्हणजे मुकुट, एकमेकांवर फुली घातलेले दोन राजदंड आणि त्यांच्या कोनांत ‘बी’, ‘पी’, ‘सी’. बेल्जियममधल्या लिएज गावचा ठसा लंबवर्तुळाचा, आत ‘ई’, ‘एल’, ‘जी’ आणि खाली तारा. वर लंडनचे नाव आणि खाली नुसते हे लंबवर्तुळ दिसले, तर नकलेचा निकाल तिथेच लागतो.

मी भिंग धरले. राजदंडांची फुली, मुकुट, बी, पी, सी, दोन्ही नळ्यांवर. शेजारी तसाच ‘व्ही’चा ठसा. म्हणजे बंदूक अस्सल इंग्लिश, पण लंडनची नव्हे. लंडनची कित्येक दुकानेसुद्धा बर्मिंगहॅमहून माल घेत, त्यामुळे यात कमीपणा नाही, हे मी सहकाऱ्यांना समजावले. फारसे पटले असे दिसले नाही.

बारा की तेरा?

राजदंडांच्या शेजारी आणखी दोन ठसे होते आणि त्यांनी आम्हाला थोडा वेळ गोंधळात टाकले. एका शंकरपाळ्याच्या आकारात ‘१२’ आणि त्याखाली ‘सी’. आणि जवळच नुसता ‘१३’. एकच नळी बारा बोअरची आणि तेरा बोअरचीही, असे कसे?

बोअर म्हणजे काय हे आधी पाहिले पाहिजे. हे माप मोठे गमतीचे आहे. नळीत बरोबर बसेल असा शुद्ध शिशाचा गोळा घ्या. असे किती गोळे मिळून एक पौंड भरतात, तो आकडा म्हणजे बोअर. आकडा वाढला की नळी लहान! हे तुम्हाला वहीत ताडून पाहता येईल. एक पौंड म्हणजे ४५३·६ ग्रॅम. त्याला १२ ने भागा. एक गोळा ३७·८ ग्रॅमचा. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११·३४ ग्रॅम. म्हणून गोळ्याचे घनफळ ३·३३ घन सेंटिमीटर. गोळ्याच्या घनफळाच्या सूत्रावरून व्यास काढा : १·८५ सेंटिमीटर, म्हणजे १८·५ मिलिमीटर. हेच गणित १३ साठी केले तर व्यास सुमारे १८·०५ मिलिमीटर येतो. बारा आणि तेरा यांत फरक पडला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा.

आता कोडे सुटते. शंकरपाळ्यातला आकडा नळीचा नाही, चेंबरचा आहे. म्हणजे ज्या मागच्या रुंद भागात काडतूस बसते त्याचा. ‘सी’ त्याचाच. तिच्यात बारा बोअरचे काडतूस घालायचे. ‘१३’ हा आकडा मात्र पुढच्या नळीच्या व्यासाचा, मागच्या टोकापासून ९ इंचांवर मोजलेला. कारागिराने नळी थोडी घट्ट ठेवली होती, इतकेच.

माझ्या खिशात प्रयोगशाळेतले व्हर्नियर होते. मी उत्साहाने नळीच्या पुढच्या तोंडाशी व्यास मोजायला लागलो, तर डाव्या नळीचे माप तेराच्याही बरेच खाली आले. मिस्त्री हसले. “साहेब, तिथे मोजून काय उपयोग? तिथे चोक आहे.” छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीचे तोंड शेवटी किंचित आवळतात, त्याला चोक म्हणतात; पूर्ण चोक एक मिलिमीटरपर्यंत भरतो. कसोटीवाले ९ इंच आत मोजतात ते उगाच नव्हे. उपकरण बारीक असून भागत नाही, कुठे मोजायचे तेही कळावे लागते. हा धडा मी वर्गात दरवर्षी देत होतो आणि त्या दिवशी स्वतः घेतला. डाव्या नळीखाली ‘चोक’ हा शब्दही ठोकलेला होताच. मी आधी वाचला नव्हता.

या ठशांनी सालही सांगितले. शंकरपाळा आणि ‘चोक’ हा शब्द १८८७ च्या नियमांनी आला. १८७५ ते १८८७ या काळात चोक असलेल्या नळीवर ‘गोळीसाठी नव्हे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द ठोकत. आणि राजदंडांचा जुना ठसा १९०४ मध्ये बदलला. म्हणजे आमची बंदूक १८८७ आणि १९०४ यांच्या मधली.

सतरा वर्षांचा पट्टा अजून लांब होता. तो आवळला तो ॲक्शनने. मघाशी म्हटले की हिचे घोडे पोटात आहेत. वेस्टली रिचर्ड्स पेढीतल्या विल्यम ॲन्सन आणि जॉन डीली या दोघांनी १८७५ मध्ये ही रचना पेटंट केली. तिची युक्ती साधी तरफेची आहे. बंदूक मोडताना नळ्या खाली पडतात. त्या स्वतःच एक लांब तरफ असतात. त्यांच्या बिजागरीजवळ दोन लहान तरफा आत शिरलेल्या असतात. नळ्या खाली गेल्या की या तरफांची मागची टोके वर उचलली जातात आणि आतले घोडे मागे ढकलून स्प्रिंगा ताणतात. म्हणजे काडतूस भरण्यासाठी बंदूक उघडली की ती आपोआप चढवलीही जाते. अंगठ्याने घोडे ओढायला नकोत. भाग इतके थोडे, की पुढे जगभर हीच रचना चालली.

इतर कारागिरांना ही रचना वापरायची असेल तर पेटंटवाल्यांना दर बंदुकीमागे पैसे भरावे लागत आणि तशी खूण म्हणून पेटंटचे नाव व वापराचा क्रमांक बंदुकीवर ठोकला जाई. आमच्या ॲक्शनच्या सपाट भागावर ॲन्सन व डीली यांचे पेटंट असा मजकूर आणि पुढे क्रमांक होता. त्या काळी ब्रिटिश पेटंटची मुदत १४ वर्षे असे. १८७५ मध्ये १४ मिळवा : १८८९. मुदत संपल्यावर पैसे भरून क्रमांक घेण्याचे कोणाला काय कारण?

फळ्यावर संख्यारेषा काढा. ठसे म्हणतात, १८८७ ते १९०४. पेटंटचा क्रमांक म्हणतो, १८७५ ते १८८९. दोहोंचा सामाईक भाग १८८७ ते १८८९. यात एक पळवाट राहते. नळ्या नंतर बदललेल्या असल्या तर नळ्यांचे साल आणि ॲक्शनचे साल वेगळे निघेल. म्हणून मिस्त्रींनी नळ्यांवरचा, ॲक्शनवरचा आणि पुढच्या लाकडी हाताच्या लोखंडावरचा अनुक्रमांक ताडून पाहिला. तिन्ही ठिकाणी एकच होता. कारागिराच्या घरी तयार होताना एखादे वर्ष इकडे-तिकडे धरा, पण एवढ्यावर मी समाधानी होतो. जोसेफ मँटन वारल्यानंतर अर्ध्या शतकाने!

काडतुसांचा प्रश्न

एवढा वेळ सहकारी शांत होते. आता त्यांनी पिशवीतून काडतुसांची पेटी काढली. पेटीवर ७० मिलिमीटर असे छापले होते. ते म्हणाले, “काडतूस तर तिच्यात सहज बसते. मी घरी घालून पाहिले आहे.”

मिस्त्रींनी चेंबरमध्ये माप घातले. लांबी अडीच इंच, म्हणजे ६४ मिलिमीटरच्या आत-बाहेर. मग ७० मिलिमीटरचे काडतूस बसले कसे? कारण ७० ही उडाल्यानंतरची लांबी. भरलेल्या काडतुसाचे पुढचे तोंड आत दुमडलेले असते, त्यामुळे ते आखूड असते आणि आत आरामात बसते. बार उडाला की दुमड उलगडते आणि तोंड पुढे सरकते. आखूड चेंबरमध्ये ते सरळ चेंबर व नळी यांच्यामधल्या निमुळत्या भागात घुसते. आधीच अरुंद वाटेत आणखी एक कडे बसल्यासारखे होते, आणि वायूला वाट कमी म्हणजे दाब जास्त. बसते म्हणून चालते, हा सर्वांत धोक्याचा समज आहे.

दुसरी गोष्ट दारूची. जुनी काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग शोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वस्तुमान घनरूपच राहते. तोच तो धूर आणि नळीतली काजळी. आजची धूरविरहित दारू जवळजवळ सगळीच वायू होते. म्हणून या नव्या दारूसाठी कसोटीगृहांनी वेगळी परीक्षा सुरू केली : १८९६ मध्ये ऐच्छिक, आणि १९०४ पासून ‘एन’, ‘पी’ या अक्षरांच्या खास ठशासह. आमच्या बंदुकीवर ही अक्षरे कुठेच नव्हती. म्हणजे या नळ्यांची नव्या दारूवर कसोटी कधी झालेलीच नाही.

तिसरी गोष्ट नळ्यांच्या धातूची. लाकडी हाताखालच्या झाकलेल्या भागावर मूळचा तपकिरी रंग शाबूत होता आणि भिंगातून त्यावर शंखाच्या वळ्यांसारखी बारीक नक्षी दिसत होती. हे दमास्कस काम. लोखंड आणि पोलाद यांच्या सळ्या एकत्र तापवून ठोकायच्या, पिळायच्या, तो पीळ पट्टीसारखा करून दांड्याभोवती वेटोळा गुंडाळायचा आणि वेटोळ्यांच्या कडा पुन्हा तापवून एकजीव करायच्या. शेवटी गंजवून रंग चढवला, की पोलाद आणि लोखंड कमी-अधिक रंगतात आणि नक्षी उमटते. साध्या नळीवर आम्लाने नक्षी छापण्याचीही लबाडी चाले. पण आमच्या नळ्यांवर वेटोळ्यांचे सांधे नळीभोवती अखंड फिरलेले दिसत होते. काम उत्तम होते. तरी शेवटी ही नळी म्हणजे सांध्यांची मालिकाच.

नळीच्या भिंतीवर किती ताण येतो याचा ढोबळ हिशेब सोपा आहे : ताण = दाब × आतली त्रिज्या ÷ भिंतीची जाडी. चेंबरची त्रिज्या १ सेंटिमीटर धरा, भिंत ४ मिलिमीटर, म्हणजे ०·४ सेंटिमीटर, आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला ६०० किलोग्रॅम. ताण आला दर चौरस सेंटिमीटरला १,५०० किलोग्रॅम. तोही एका क्षणात. भिंत जाड असली की हे सूत्र अपुरे पडते आणि आतल्या थरावरचा ताण याहून जास्त असतो. जाडी निम्मी झाली तर ताण दुप्पट. आणि गंजाचा एखादा खोल खड्डा म्हणजे त्या जागी जाडी कमी झालेलीच. मिस्त्रींनी नळीतून उजेडाकडे पाहिले आणि मला पाहायला दिले. उजव्या नळीत, मागून वीतभर अंतरावर, काळ्या ठिपक्यांची एक रांग होती. कसोटीगृहातला तो पाहणारा आज असता तर त्याने ‘व्ही’ ठोकला नसता.

“ही बंदूक उडवायची नाही,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी सूत्र मांडले नव्हते.

मग कर्ता कोण?

बर्मिंगहॅममध्ये पूर्वी जिथे सेंट मेरी चर्च होते त्याच्या आसपास लव्हडे स्ट्रीट, बाथ स्ट्रीट, व्हिटॉल स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट अशा गल्ल्यांचा एक बंदूकवाड्यासारखा भाग आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे एकेका बंदुकीवर डझनांनी माणसे काम करत. नळी घडवणारा वेगळा, भोक पाडणारा वेगळा, बाहेरून कानसणारा वेगळा. ॲक्शनवाला, दस्ता बसवणारा, नक्षी कोरणारा, रंग चढवणारा, सगळे वेगळे. चाप-घोड्यांची यंत्रणा तर पुष्कळदा वुल्व्हरहॅम्प्टनसारख्या शेजारच्या गावांतून येई. तिथल्या ब्रेझियर घराण्याचे काम लंडनच्या उत्तमोत्तम बंदुकांत सापडते. अर्धवट बंदूक एका कार्यशाळेतून दुसरीकडे पोऱ्यांच्या डोक्यावरून नाहीतर खांद्यावरून जाई. शेवटी जो व्यापारी हे सर्व जुळवून आणी, तो माल पाठवी, आणि कलकत्त्याच्या दुकानाने मागितले ते नाव पट्टीवर कोरले जाई.

या माणसांनी आपली नावे कुठे लिहिली नाहीत, पण अगदीच काही ठेवले नाही असेही नाही. प्रत्येकाचा हिशेब नगावर असे, म्हणून ज्याने त्याने आपल्या कामावर आद्याक्षरे ठोकून ठेवली. नळ्यांच्या पोटाशी, दोहोंच्या मधल्या बेचक्यात, आम्हाला दोन अक्षरे सापडली. ॲक्शनच्या आत वेगळीच दोन अक्षरे. लाकडी हाताच्या आतल्या बाजूला, लोखंड बसवण्याच्या खाचेत, कोणीतरी पेन्सिलने एक आकडा लिहून ठेवला होता. तो शंभराहून अधिक वर्षे उजेड न लागल्यामुळे स्वच्छ राहिला होता. ही अक्षरे कोणाची हे ठरवायचे तर त्या गल्ल्यांच्या जुन्या व्यापारी निर्देशिका घेऊन बसावे लागेल, आणि एकाच आद्याक्षरांचे चार-चार कारागीर निघतील.

मिस्त्रींनी सर्व ठशांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, जशी तुम्ही नाण्यावर घासता, आणि त्या छापांचा कागद सहकाऱ्यांना दिला. त्यांनी घरी तो परवान्याच्या प्रतीबरोबर ठेवला आहे. काडतुसांची पेटी ज्या परवानाधारक दुकानातून आणली होती तिथे नोंद करून परत गेली. रानडुकरांसाठी शेताला काटेरी कुंपण घातले.

पुढच्या खंडेनवमीला मी त्यांच्या गावी होतो. पाटावर बंदूक होती. सहकाऱ्यांनी घरच्या मुलांना एकेक गोष्ट नीट सांगितली : दुकान कलकत्त्याचे, काम बर्मिंगहॅमचे, साल १८८७ ते १८८९. त्यांच्या आत्याबाईंनी फूल वाहता वाहता ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “असेल बाबा. पण मँटनसाहेबाची ती मँटनसाहेबाचीच.” धाकटा पुतण्या मात्र माझे भिंग मागून घेऊन पट्टीवरच्या नावाकडे पाहायचे सोडून बंदुकीच्या खालच्या बाजूकडे वाकून पाहत बसला होता.